वडुऱ्याची हाळी

“वडुऽऽरा!” मी ओरडले.

माझं माहेर पथ्रोट. वडुरा हे द्वारकाचं माहेर. माझ्या खालच्या, सगळ्यात शेवटच्या ओळीत ती असायला हवी होती आणि ती तिथे नव्हती. म्हणून मी आधी माझ्या आवाजात “पथ्रोट” ओरडले, मग दोन पावलं खाली सरकून, थोडं नाकात बोलून, शेवटचा सूर तिच्यासारखा वर ओढून तिचं गाव ओरडले. वर उतारावर फुलमाबाई खाकरली. मग पाट्यांमध्ये पुन्हा फळं पडायला लागली. कुणाला काही कळलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला माझं कौतुकच वाटलं. लहानपणापासून मी नकला करण्यात पटाईत.

तेवीस वर्षं झाली याला. चिखलदऱ्याच्या डोंगरावर एक काफीचा मळा होता, तिथे आम्ही हंगामाला तोडणीला जायचो. माझी सून म्हणते, आई, कॉफी म्हणा. तिचं बरोबर असेल, ती पिते. आम्ही आठ हंगाम तोडली आणि एक घोट कधी चाखला नाही. दुपारच्या भाकरीबरोबर आम्हाला गुळाचा चहाच लागायचा.

हाळीचं आधी सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

त्या मळ्यातली झुडपं माणसाहून उंच गेली होती, छाटणी कुणी वेळेवर करायचं नाही. वर सावलीची मोठी झाडं, त्यात डिसेंबरचं धुकं. शेजारच्या ओळीतली बाई दिसायची नाही. आणि अस्वलं फिरायची. म्हणून आम्हा अठराजणींची रांग उतारावर वरपासून खालपर्यंत लागायची, एकीची एक ओळ. सगळ्यात वर फुलमाबाई बेठेकर, म्हातारी कोरकू बाई, तिचं सगळं आयुष्य त्या डोंगरावर गेलेलं. दर अर्ध्या तासाने मुकादम हिरामण घड्याळ बघून शिट्टी वाजवायचा, की फुलमाबाई हाळी सुरू करायची, आणि वरून खालपर्यंत प्रत्येकीने आपल्या माहेरच्या गावाचं नाव ओरडायचं. स्वतःचं नाव नाही, कारण रांगेत तीन शांता होत्या आणि दोन बेब्या. सासरचं गाव चालायचं नाही. ते कुणी ठरवलं माहीत नाही, पण कुणाची तक्रार नव्हती.

एक जरी गाव आलं नाही, तर सगळ्यांनी पाट्या टाकायच्या, कंबरेचे विळे काढायचे आणि पळायचं. मानकी बेलसरेचं गाव एकदा आलं नाही, तेव्हा आम्ही सतराजणी बोंबलत धावलो आणि अस्वल तिच्या अंगावरून हाकललं. तिचा एक कान गेला, जीव राहिला. फुलमाबाईचा नियम एकच होता. आपलं गाव आपण ओरडायचं, दुसरीचं कुणी ओरडायचं नाही. आणि त्या दिवशी दहाच्या हाळीला मी दुसरीचं ओरडले.

त्याच्या वीसेक मिनिटं आधी द्वारका झुडपं बाजूला सारत माझ्या ओळीत आली होती. हात फळांच्या रसाने चिकट झालेले, ते लुगड्याला पुसत म्हणाली, “वच्छे, माही हाळी देशीन?”

“काऊन? तू कोठी चालली?”

“नाल्यावर. माही मोनी येऊन राह्यली.”

मोनी तिची पोरगी, चार वर्षांची. द्वारका नवऱ्याच्या घरातून निघाली तेव्हा पोरगी सासूने धरून ठेवली होती. सात महिन्यांत तिने पोरीचं तोंड बघितलं नव्हतं.

“तुले कोनं सांगतलं?”

“स्टॉपवरच्या चहावाल्यानं. बुढी तिले घेऊन येते म्हने. दहा मिनिटं दाखवते आन् जाते वापस.”

“आन् तो?”

“तो परतवाड्याले गेला म्हने, टरकवर.”

“अवं, सात महिने बुढीले दया नाई आली, आजच कशी काय आली? मले नाई पटत. जाऊ नको.”

“वच्छे, पोरगी हाये माही.”

 मी मुळात तोंडाळ बाई. मुकादमाला उलटून बोलायची, बाजारात भांडायची. पण तिला मी पुढे अडवलं नाही. मला दोन पोरं होती, घरी सासूजवळ ठेवलेली, आणि मला दर रविवारी त्यांना बघायला जाता यायचं.

द्वारकाचा नवरा देविदास. त्याच्याबद्दल किती सांगू? तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, ती त्याने दाराच्या फटीत घालून दार ओढलं म्हणून. तरी ती तोडणीत माझ्यापेक्षा चलाख होती, लाल फळ तेवढंच काढायची, हिरव्याला नख लागू द्यायची नाही. आधी ती माहेरी गेली. भावांनी आठ दिवस ठेवली आणि स्वतः जीपमध्ये बसवून त्याच्या दारात परत सोडली. ठाण्यात गेली, तर तिथला जमादार म्हणाला, नवराबायकोचं आहे, घरी जाऊन मिटवा. शेवटी आमच्याबरोबर मळ्यावर आली, कारण मळ्यात तोडणीच्या बायकांना खोली मिळायची आणि फाटकावर माणूस असायचा. देविदास दोनदा फाटकावर येऊन गेला. दुसऱ्या वेळी सगळ्यांसमोर ओरडला होता, “मारल्याशिवाय सोडीन नाई तुले.” हिरामणने त्याला काठी दाखवून घालवलं.

तुम्ही म्हणाल, माझा नवरा कसा होता? हात उचलायचा. पण दाराच्या फटीत बोटं घालायचा नाही. त्या काळात आम्ही असंच मोजायचो.

“मुकादमाले सांगून जा,” मी तिला म्हटलं.

“तो कामाच्या वेळी सोडते काय? मागच्या पंधरवड्यात मी ओळ सोडून गेली, तवाच त्यानं सांगतलं, डबल दिसली नाईस तं खोली खाली कर. खोली गेली तं मी कोठी जाऊ? त्याच्याच घरी?”

ते खरं होतं. हिरामण बोलला होता आणि तो बोललेलं करायचा. खोली गेली की फाटक गेलं, आणि फाटकाबाहेर देविदास होता.

“जा,” मी म्हटलं. “पन लवकर ये. एकच हाळी देतो मी.”

“एकच,” ती म्हणाली. पदराला बोरं बांधली होती पोरीसाठी, ती गाठ चाचपून बघितली आणि कुंपणाकडे उतरली. झुडपं हलली, मग हलायची थांबली.

दहाला मी तिची हाळी दिली. ते सांगितलंच.

साडेदहाची शिट्टी झाली तेव्हा ती आली नव्हती. मी मनात तिला शिव्या घातल्या. म्हटलं, दहा मिनिटं सांगून बसली असेल पोरीला मांडीवर घेऊन, आता उठवत नसेल. माझं पोरगं सात महिन्यांनी भेटलं असतं तर मी उठले असते का? नसते. “पथ्रोट” ओरडले, खाली सरकले, “वडुऽऽरा” ओरडले. तिच्या ओळीतली थोडी फळं तोडून तिच्या पाटीत टाकली, म्हणजे पाटी रिकामी दिसायला नको. इतकी हुशार मी.

मग अकरा वाजले. शिट्टी जवळून वाजली. हिरामण आमच्या बाजूने खाली उतरत होता, त्याचे बूट पाल्यावर वाजत होते. वरून गावं यायला लागली, एकेक करत माझ्याकडे. मी ठरवलं होतं की आता गप्प बसायचं. मानकीचं आलं, एका शांताचं आलं, माझ्या वरचीचं आलं. मी “पथ्रोट” म्हटलं. मग एक श्वास गेला. हिरामण चार ओळींवर थांबला होता. मला वाटलं, ती आत्ता कुंपणातून येत असेल, पदरात पोरीचा वास घेऊन येत असेल, आणि माझ्यामुळे तिची खोली जाईल. मी ओरडले. हिरामण वळला आणि वर गेला.

त्यानंतरचा अर्धा तास मी तोडणी केलीच नाही. नुसती कुंपणाकडे बघत उभी होते.

साडेअकराला मी माझं गाव ओरडले आणि थांबले. तिचं ओरडले नाही.

फुलमाबाईने वरून विचारलं, “वडुरा?” मग पुन्हा, मोठ्याने, “वडुरा कोठी हाये?” आणि सगळ्या रांगेतून पाट्या पडल्याचे आवाज आले. सतराजणी विळे घेऊन उतारावरून धावल्या. त्यांच्यात मीही. सगळ्यांच्या पुढे मी, कारण कुठे धावायचं ते मलाच माहीत होतं. पुढे हेही कुणीतरी लक्षात ठेवलं की वच्छलाच सगळ्यांत आधी पळाली, केवढी माया.

नाल्यात घोटाभर पाणी होतं. ती पालथी पडली होती. डोक्याच्या मागे दगडाने मारलं होतं, दगडही तिथेच होता. आम्ही तिला उलटी केली. मी तिचा हात धरला, तो थंड आणि ताठ झाला होता. आत्ताच मेलेल्या माणसाचा हात असा नसतो, ते बायकांना कळतं, आम्ही मढी धुतलेली असतात. पण दुसऱ्या बायका म्हणाल्या, पाणी थंड आहे, धुकं आहे. बोरं सगळी पाण्यात पसरली होती. फुलमाबाई काठावर बसली आणि छाती बडवायला लागली. “आत्ता बोलली होती वं, आत्ता! अकराले मी सोता ऐकली. अर्ध्या घंट्यात कोनं मारलं माह्या लेकीले?”

मी पाण्यातली बोरं वेचत राहिले.

पोलीस दोन वाजता आले. जमादाराने आम्हाला खळ्यावर ओळीने उभं केलं. काफीची फळं वाळत घातली होती, त्याच्या कडेला. हिरामणच्या हातात वही होती. तो म्हणाला, दहा, साडेदहा, अकरा, तिन्ही वेळा अठरा हाळ्या झाल्या, मी मोजल्यात. मग जमादार एकेकीला विचारत आला.

“शेवटचा आवाज कधी ऐकला तिचा?”

“अकराले.”

“तिचाच होता?”

“हाव साहेब. वडुरा म्हने. तिचाच.”

एकजात सगळ्या हेच म्हणाल्या. त्यातली एकही खोटं बोलत नव्हती. सोळा बायका, आणि सोळाही खऱ्या.

माझी पाळी आली. माझ्या मनात काय होतं ते सांगते, लपवून आता काय मिळणार आहे? मला देविदासची, साक्षीची, कोर्टाची काही आठवण नव्हती. मला मानकी दिसत होती, एक कान नसलेली. तिच्यासमोर, फुलमाबाईसमोर मी कसं म्हणू की तुम्ही ज्या आवाजावर जीव सोपवता तो मी खोटा काढला? की दहाला मी गप्प बसले असते, तर तुम्ही विळे घेऊन पाच मिनिटांत नाल्यावर पोचला असता? त्या बायकांनी मला तिथेच फाडून खाल्लं असतं, आणि बरोबर केलं असतं.

“तू तिच्या शेजारी होतीस?” जमादार म्हणाला.

“हाव.”

“अकराला ऐकलंस?”

“ऐकलं.”

“तिचाच आवाज?”

“तिचाच,” मी म्हटलं. त्याने लिहून घेतलं, मी सही केली. मला सही येत होती, बाकी अर्ध्याजणींनी अंगठे दिले.

संध्याकाळी देविदासला धरलं. फाटकावरची धमकी सगळ्यांनी ऐकली होती, त्याच्याशिवाय दुसरं कोण असणार? माझ्या जिवाला जरा बरं वाटलं. म्हटलं, आता त्याला फाशी होईल आणि माझ्या बोलण्याने काय फरक पडतो? अशी मी अक्कलवान.

फरक मला चार महिन्यांनी कळला. हंगाम संपवून मी सासरी, डोंगराखालच्या गावी आले होते. गावात कुणीतरी सांगितलं, देविदास सुटणार बहुतेक, त्याच्याकडे तिकीट आहे. दहा वीसच्या एसटीत तो नाल्याजवळच्या स्टॉपवर चढला होता. कंडक्टरला तो पक्का आठवत होता, कारण त्याच्याबरोबरची लहान पोरगी गाडीत सारखी ओकत होती. सव्वाअकराला तो परतवाड्याच्या स्टँडवर उतरला. आणि बाई तर अकरापर्यंत जिवंत होती, सोळा बायका सांगतात. सतरावी मी.

मी चुलीपुढे बसले होते. भाकरी तव्यावर जळाली, तरी माझा हात जाईना. बुढी आलीच नव्हती. तोच पोरीला घेऊन आला होता. पोरीसमोर केलं आणि पोरीला बोट धरून गाडीत बसवलं. आणि मी वर उभी राहून त्याच्यासाठी ओरडत होते.

त्याच दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग एक कानाखाली ठेवून दिली.

“खोटी सही केली तू. तुलेच आत टाकतीन. पोरायचं कोन करन? तोंड बंद ठेव.”

मी ठेवलं. दीड वर्ष ठेवलं. रात्रंदिवस मनात तेच चालायचं, पण तोंड बंद.

खटला डोंगराखालच्या कोर्टात चालला. फुलमाबाईची साक्ष माझ्या आधी झाली. ती आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात आली होती, नवं लुगडं नेसून. वकिलाने विचारलं, आवाज ओळखण्यात तुमची चूक होऊ शकते का? म्हातारी ताठ झाली. “चाळीस वर्सं झाली साहेब, ह्या कानावर बायका जगते माह्या. अस्वल कोन्या ओळीत हाये ते मी इथून सांगतो. ती द्वारकाच होती.”

स्टॉपवरच्या चहावाल्याला देविदासबद्दल विचारलं, तर मी कुणालाच ओळखत नाही म्हणाला. डॉक्टरने सांगितलं, थंड पाण्यात पडलेलं शरीर, वेळ नक्की सांगता येणार नाही, नऊ ते साडेअकरा.

मग मी उभी राहिले. सरकारी वकिलाने तेच विचारलं, अकराला आवाज ऐकला का? मी म्हटलं, “नाई. तो मी काढला होता. तिन्ही वेळा मीच.”

कोर्टात कुजबूज झाली. माझा नवरा मागच्या बाकावर होता, तो उठून बाहेर गेला. देविदासने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

त्याचा वकील काळा, उंच, गोड बोलणारा. माझ्याजवळ आला. “बाई, पोलिसांना तुम्ही सांगितलं की तिचाच आवाज. ही सही तुमची?”

“माहीच.”

“तेव्हा खोटं बोललात?”

“हाव.”

“आणि आता खरं बोलताय. तुमची ती जिवाची मैत्रीण होती ना? माझ्या अशिलावर तुमचा राग आहे?”

“राग नसन तं काय असन? मारलं त्यानं तिले.”

“तुम्ही बघितलं?”

“नाई.”

“बरं. सोळा बायकांना फसवेल असा आवाज तुम्हाला काढता येतो म्हणता. काढून दाखवा.”

सरकारी वकील काहीतरी म्हणाला, न्यायाधीशांनी हात केला. मी कठड्याला धरून उभी होते.  आजूबाजूला भिंती, पंखा, टाइप करणारा माणूस. मी ओरडले. आवाज चिरकला, अर्ध्यातच फाटला. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी पुन्हा ओरडले, तोही नाही जमला. दीड वर्षात मी एकदाही तो आवाज काढला नव्हता.

 त्याचा वकील फुलमाबाईकडे वळून बघत नुसता उभा राहिला. तिने मान हलवली. नाही, असा नव्हता.

बाहेर व्हरांड्यात मी तिचे पाय धरले. “मावशी, खरं सांगून राह्यली मी. मीच होती.”

ती रागावली असती, मारलं असतं, तर बरं झालं असतं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “तुही माया समजते मले, वच्छे. त्याले फाशी व्हावी वाटते तुले. पन तसं नको बोलू. तू ओरडली असशीन तं ती तवाच मेली होती, आन् आमी वर फळं तोडत होतो. हे मी नाई मानत. ऐकलं मी तिले.” मग ती मानकीचा हात धरून पायऱ्या उतरली. तिने मला खोटी ठरवलं, आणि त्यात तिचा स्वतःचा जीव वाचत होता, हे मला तेव्हाच कळलं. कशी भांडू तिच्याशी?

देविदास सुटला. निकालात म्हणे माझ्याबद्दल एक ओळ होती, साक्षीदार विश्वासार्ह नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी, वैशाखात, दुपारच्या वेळी तो आमच्या दारात आला. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा खोका, बोटाला मोनी. पोरगी उंच झाली होती, सहा वर्षांची, केस दोन वेण्यांत घट्ट बांधलेले. बांधणारी कोण होती कुणास ठाऊक, त्याने तोवर दुसरी केली होती म्हणतात.

“राम राम भाऊ,” तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “वयनी, तुमचे उपकार हायेत. पयल्या दिवशी तुमी खरं सांगतलं, म्हनून वाचलो. मंग कोर्टात तुमाले कोनं फितवलं, ते मी मनात नाई ठेवत. मोने, मावशीच्या पाया पड.”

पोरगी वाकली. मला पाय मागे घेता आले नाहीत. नवऱ्याने पेढा घेतला, अर्धा तोडून खाल्ला, उरलेला माझ्यासमोर धरला. “घे ना. घरी आलेल्या मानसाचा मान ठेव.” मी घेतला आणि हातात धरून बसले. माझी जीभ कुठे गेली होती? घरात विळा होता, मुसळ होतं. मी उठून त्याच्यासाठी पाणी आणलं.

मग नवरा त्याला नवी म्हैस दाखवायला मागे गोठ्यात घेऊन गेला. बाप्यांचं तसंच असतं, पाच मिनिटांत दुधाचा भाव निघाला. मोनी माझ्यासमोर पाटावर बसून राहिली. तिच्या आईसारखीच बसायची पद्धत, एक गुडघा वर.

“भूक लागली काय वं?” मी विचारलं.

तिने मान हलवली. मग गोठ्याच्या दाराकडे बघितलं आणि माझ्या जवळ सरकली.

“मावशी,” ती हळू बोलली, “मी पन नाई सांगतलं.”

“काय नाई सांगतलं?”

“नाल्यावरचं. बाबानं मायले दगड—”

मी तिच्या तोंडावर हात दाबला. गोठा वीस पावलांवर होता, त्या दोघांचं हसणं ऐकू येत होतं. माझा हात इतका जोरात दाबला गेला, की तिचे दात मला तळव्याला लागले. पोलिसांना सांगावं? कुणाला? निकाल लागला होता. तिच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार, आणि ठेवेपर्यंत ती रात्री कुणाच्या घरात झोपणार होती? त्याच्याच ना.

“कोनाले सांगू नको,” मी तिच्या कानाशी म्हटलं. “आजीले नाई. शाळेतल्या बाईले नाई. नव्या मायले तं अजिबात नाई. समजलं? कोनालेच नाई.”

तिने माझ्या हाताखाली मान हलवली. मी हात काढला. तिच्या गालावर माझी बोटं उमटली होती, ती मी पदराने पुसायला गेले. ती काय पुसली जाणार होती?

“मंग मोठी झाल्यावर?” तिने विचारलं.

“मोठी झाल्यावरबी नाई.”

“हाव,” ती म्हणाली. मग माझ्या मुठीतल्या पेढ्याकडे बघून विचारलं, तुमी खात नाई तं मी खाऊ काय?